आमची वाटचाल: परत आलेल्या ३७ डब्या

माझ्या वडिलांचं कोल्हापुरात दोन खुर्च्यांचं सलून होतं. शाळा सुटली की मी तिथल्याच बाकावर बसून अभ्यास करायचे. बाबा वाटीत ब्रश फिरवू लागले की माझं डोकं वहीतून वर निघायचंच. फेस दह्यासारखा घट्ट झाला की ते ब्रश उलटा धरून बघायचे. ओघळला नाही तरच तो गिऱ्हाइकाच्या गालाला लागायचा.

पुढे मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, काही वर्षं नोकरी केली आणि २०१२ साली घराच्या मागच्या खोलीत दाढीचा साबण बनवायला सुरुवात केली. स्टिअरिक ॲसिड आणि खोबरेल, त्यांचा साबण करायला कॉस्टिक पोटॅश नि थोडा कॉस्टिक सोडा, वर ग्लिसरीन. परवाना, डब्या, लेबलं यांत बराच काळ गेला. प्रत्येक बॅच बाबा स्वतः घोळून बघायचे आणि ते हो म्हणाले की माल बाहेर पडायचा.

२०१५च्या दिवाळीत लातूरच्या एका सलूनवाल्यांनी ४० डब्या मागवल्या. पंधरा दिवसांत ३७ परत आल्या. फोनवर ते म्हणाले, "ताई, फेस येतोय, पण ब्लेड लावेपर्यंत बसतोय बघा. गालावर नुसतं पांढरं पाणी राहतंय."

मी त्याच डबीतला साबण घरी घोळला. फेस उत्तम झाला. तेव्हा मनात आलं ते आज लिहितानाही वाईट वाटतं: यांनाच फेस काढता येत नसेल. बाबांनी मात्र एवढंच सांगितलं, "अगं, त्यांच्याकडं डाळ शिजते का, विचार."

विचारलं. बोअरच्या पाण्यात डाळ तासभर ठेवली तरी टणकच राहते, म्हणून स्वयंपाकाला वेगळं पाणी आणतात, असं उत्तर आलं. दोन दिवसांनी मी एसटीनं लातूरला गेले आणि पाच लिटरचा कॅन भरून आणला.

ओट्यावर तीन वाट्या मांडल्या. एकीत आमच्या नळाचं पाणी, दुसरीत दुकानातून आणलेलं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड, तिसरीत लातूरचं. साबण तोच, ब्रश तोच. पहिल्या दोन वाट्यांतला फेस दहा मिनिटांनीही उभा होता. तिसरीतला दुसऱ्या मिनिटालाच विरला आणि वाटीच्या कडेला राखाडी, चिकट साका धरला. प्रयोगशाळेच्या अहवालात त्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं माप, लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या वर निघाली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतात.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, हे मला पाठ होतं. पण त्या शब्दातला 'फेन' म्हणजे आपलाच फेस, हे ओट्यापाशी उभी असताना कळलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्टिअरिक ॲसिडला धरून बसतात आणि जो साका होतो तो पाण्यात विरघळत नाही. ६०० कठीणतेचं एक लिटर पाणी जवळपास पावणेचार ग्रॅम साबण असा वाया घालवतं. दाढीच्या वाटीत पाणी जेमतेम दोन-तीन चमचे, म्हणजे साबणाचं नुकसान फार नाही. खरा घोटाळा साक्याचा. त्याचे बारीक कण बुडबुड्यांच्या पडद्यात शिरून ते फोडतात.

नवा साबण करायला घेतला, तोवर २०१६चा उन्हाळा आला. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली तेव्हा १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतं. प्यायलाच पाणी नव्हतं, तिथं फेसाचं काय विचारायचं? मी फोन केला तो फक्त चौकशीसाठी.

बदल केला तो सायट्रिक ॲसिडचा. पोटॅशशी त्याचं सायट्रेट होतं आणि ते कॅल्शियमला आधीच अडकवून ठेवतं. पहिली बॅच माझ्याच चुकीनं फसली. दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड जवळपास नऊ ग्रॅम शुद्ध पोटॅश खातं. आमचं पोटॅश ९० टक्क्यांचं, म्हणजे दहा ग्रॅम धरायला हवं होतं. ते मी वाढवलंच नाही. स्निग्धांश तसाच उरला आणि साबण मेणासारखा झाला. हिशेब सुधारल्यावरची बॅच २०१७मध्ये लातूरला गेली, आणि या वेळी एकही डबी परत आली नाही.

तरी गिऱ्हाइकांना मी स्पष्ट सांगते की सायट्रेट पाणी गोडं करत नाही, त्याची ताकद मर्यादित आहे. ब्रश चांगला झटकून घ्या, साबणावर जास्त वेळ फिरवा, पाणी थेंबाथेंबानं घाला. पाणी उकळून गार केलं तर बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता खाली बसते, पण सल्फेट-क्लोराइडची तशीच राहते. तुरटीनं गढूळपणा जातो, कठीणता जात नाही. सलूनवाल्यांनी फेसापुरता आरओच्या पाण्याचा २० लिटरचा जार ठेवावा. एका दाढीला ५० मिलिलिटर धरलं तर ४०० दाढ्या होतात. आणि टीडीएस मीटरच्या आकड्यावर जाऊ नका. तो सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यातलं कॅल्शियम किती हे सांगत नाही.

बाबा आता सलूनमध्ये जात नाहीत, पण बॅच अजून तेच पास करतात. फक्त आमच्या नळाच्या पाण्यावर नाही, जिथं माल जायचा तिथलं पाणी मागवून. आज ओट्यावर सांगोल्याहून आलेला कॅन आहे. त्यातला फेस चौथ्या मिनिटाला बसतोय, सायट्रेट वाढवलं तर वडी मऊ पडतेय. उद्या सकाळी स्टिअरिक थोडं वाढवून पुन्हा घालणार आहे.