ब्लॉक रिपोर्टच्या तळाशी पेनाने लिहिलेली नावं

आमचं कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे परीक्षा आमचीच, तपासणी आमची आणि निकालही आम्हीच लावतो. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. विद्यार्थी तक्रार निवारण समितीची अध्यक्ष म्हणून माझी ऑर्डर निघाली तेव्हा ऑफिसने सांगितलं, मॅडम टेन्शन घेऊ नका, पोर्टलवर एकही तक्रार पेंडिंग नाही. आणि ते खरंच होतं. यूजीसीचे 11 एप्रिल 2023 चे जे नियम आहेत त्यात समितीला 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो, मुलाला निर्णय पटला नाही तर तो पुढच्या 15 दिवसांत लोकपालांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, जाऊ शकतो, आणि लोकपालांनी 30 दिवसांत निकाल लावायचा असतो. आमच्याकडे तर बहुतेक तक्रारी आठवड्यातच "दुरुस्ती केली, निकाली" असा शेरा मारून बंद व्हायच्या, लोकपालांपर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

तरी मी दिवाळीच्या सुट्टीत बसून जुन्या सगळ्या तक्रारी वाचून काढल्या. हॉस्टेलचं पाणी, लायब्ररीचं डिपॉझिट, टीसी वेळेत न मिळणं, हे सगळं होतंच, पण मध्येमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या मुलांच्या अक्षरात परत परत येत होती. "मी पेपर दिला आहे, निकालात अ‍ॅब्सेंट दाखवलं आहे." मोजल्या तर 3 वर्षांत 17 निघाल्या. प्रत्येकीवर परीक्षा विभागाने मार्क शोधून भरले होते, नवीन मार्कशीट दिली होती आणि विषय संपवला होता. 17 वेळा तीच चूक झाली, 17 वेळा सुधारली, आणि ती होतेच का हे एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

अठरावी तक्रार माझ्या काळात आली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, केमिस्ट्रीला अ‍ॅब्सेंट. सुनावणी बुधवारी ठेवली, ती वडिलांबरोबर पहाटेच्या एसटीने आली होती. परीक्षा विभागातले भाऊसाहेब आधीच म्हणाले की मॅडम मार्कांच्या तक्रारी समितीने घ्यायच्या नसतात, रिव्हॅल्युएशनचं लोकपालसुद्धा घेत नाहीत. मी नियमाची प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवली. एक तर ते कलम लोकपालांकडच्या अर्जांचं आहे, आणि त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता किंवा भेदभाव दाखवला असेल तर अर्ज घेता येतो. आणि ही मुलगी मार्क वाढवून मागतच नव्हती, मी त्या खोलीत होते एवढंच ती म्हणत होती. तिच्या वडिलांनी दोनदा विचारलं की तक्रार खोटी ठरली तर पोरीवर काही कारवाई होते का. खोट्या तक्रारीसाठी तशी तरतूद नियमात आहे, कुणीतरी त्यांना तेवढीच सांगितली होती. बाकीचं त्यांना आम्ही समजावून सांगितलं.

मग आम्ही त्या दिवसाचा ब्लॉक रिपोर्ट, म्हणजे परीक्षेच्या खोलीतला हजेरीचा कागद, मागवला. शिपाई स्टोअररूममधून सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन आला, धूळ झटकून सोडला, तिचा ब्लॉक सापडला. छापील यादीत 28 सीट नंबर, समोर प्रत्येकाची सही. त्याखाली कागदाच्या अगदी तळाशी, जिथे खोलीवरच्या ज्युनियर सुपरवायझरची सही असते त्याच्या वर, निळ्या पेनाने हाताने लिहिलेल्या 2 ओळी. पहिलीत हिचा सीट नंबर, उत्तरपत्रिकेचा नंबर, पुरवणी 1 आणि हिची सही. मुलगी कागदावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, ही माझीच सही."

मी भाऊसाहेबांना विचारलं ही नावं छापील का नाहीत. ते म्हणाले यांचे फॉर्म उशिरा आले, यादी आधीच काढलेली असते, मग हॉल तिकीट हाताने देतो आणि ब्लॉकला नाव लिहून घेतो. बरं, मग हजेरी कॉम्प्युटरवर चढते तेव्हा? तेव्हा त्यांनी आमच्यासमोर स्क्रीन उघडून दाखवलं. सॉफ्टवेअरमध्ये हजेरी छापील यादीवरून भरतात, हाताने लिहिलेले नंबर नंतर मास्टरला, म्हणजे मुख्य यादीला, जोडले जातात, आणि त्यांची हजेरी कुणी भरलीच नाही तर तिथे आपोआप एबी, म्हणजे अ‍ॅब्सेंट, पडतं. पेपर मात्र बाकीच्यांबरोबर कॅपला, म्हणजे एकत्रित तपासणीच्या केंद्राला, जातो, तपासला जातो, मार्क एका मिसमॅच लिस्टमध्ये जाऊन पडून राहतात. मुलगा ओरडला की तिथून काढून देतात.

आता फॉर्म उशिरा का, हे वडिलांनीच सांगितलं. फी भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकवत नव्हते, स्कॉलरशिपचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर केलेला होता पण पैसे आले नव्हते, शेवटी सोसायटीतून उचल घेऊन लेट फीसकट भरले. स्कॉलरशिपला पात्र मुलांकडून ती फी प्रवेशाच्या वेळी मागायची नाही अशी सरकारची परिपत्रकं आहेत, आमच्याच फाइलला लावलेली आहेत. मी नंतर 17 जुने अर्ज पुन्हा काढून बघितले, त्यातले 14 स्कॉलरशिप नाहीतर फ्रीशिपवाले होते. म्हणजे ही चूक दिसायला सॉफ्टवेअरची, पण ती कुणावर पडणार हे फीच्या खिडकीवरच ठरत होतं. हे लिहितानाही मला त्रास होतोय.

मुलीचा निकाल त्याच दिवशी दुपारी दुरुस्त झाला, 61 मार्क होते. मला वाटलं आता निघतील. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "मॅडम, ती खालची दुसरी ओळ आहे ना, ती माझ्या मागेच बसायची. तिलापण अ‍ॅब्सेंट आलंय. तिनं तक्रार नाही केली, तिनं कॉलेज सोडलं."

इतके दिवस मी तक्रारी मोजत होते. ज्यांनी तक्रारच केली नाही ते माझ्या यादीत कसे असणार? संध्याकाळी समितीतल्या दोघांना थांबवून घेतलं, शिपायाने सगळे गठ्ठे खाली आणले, आणि आम्ही फक्त प्रत्येक रिपोर्टचा तळ बघत गेलो. रात्री साडेआठपर्यंत हाताने लिहिलेले आणि निकालात एबी असलेले आणखी 9 नंबर मिळाले. भाऊसाहेब स्वतःहून थांबले होते, नंबर तेच वाचून दाखवत होते आणि सहाव्या नंबरानंतर त्यांचा आवाज खाली आला.

अहवाल 11 व्या दिवशी दिला. उशिरा आलेल्या फॉर्मची पुरवणी यादी छापूनच ब्लॉकला द्यायची, मिसमॅच लिस्ट रिकामी झाल्याशिवाय निकालावर परीक्षा नियंत्रकांनी सही करायची नाही, पात्र मुलांचे फॉर्म फीसाठी अडवायचे नाहीत. प्राचार्यांनी पहिल्या दोन लगेच मान्य केल्या, तिसरी अजून संस्थेच्या ऑफिसात आहे आणि मी दर सोमवारी विचारते.

त्या 9 जणांना मीच फोन लावले. चौघांच्या उत्तरपत्रिका अजून होत्या, त्यांचे मार्क भरले. बाकीच्यांचे पेपर मुदत संपल्यावर रद्दीत गेलेत, त्यांच्याकडे फक्त ती निळ्या पेनातली सही आहे, त्यांचं काय करायचं हे आता परीक्षा मंडळापुढे आहे. एक मुलगा मोबाइलच्या दुकानात लागलाय, म्हणाला मॅडम मला वाटलं माझाच पेपर कुठेतरी पडला असेल. मागे बसणारी ती मुलगी त्या चौघांत आहे, तिला 54 आहेत. तिचा फोन लागत नाही, रजिस्टर पत्र "घर बंद" म्हणून परत आलं. पहिली मुलगी म्हणाली तिचं गाव मला माहितेय, तर रविवारी आम्ही दोघी जातोय, मार्कशीट घेऊन.