एक डूल आणि तारेचे तीन वेढे

बरीच वर्षं मी फक्त मणी ओवत होते. सुई, धागा, मागे हूक, झाली माळ. तारेकडे वळले ते एका डुलामुळे. मी करून दिलेलं कानातलं घालून मैत्रीण दिवसभर फिरली आणि संध्याकाळी बघते तर एका कानात नुसता आकडा, खालचा मणी गायब. ती काही बोलली नाही. त्यामुळे मला जास्तच लागलं.

दोष मणी आकड्याला जोडणाऱ्या तारेच्या कडीत होता. साध्या कडीत तारेचं टोक नुसतं टेकलेलं असतं. जरा ओढ बसली की फट पडते आणि मणी निसटतो. त्यावर उपाय म्हणजे वेढ्यांची कडी, जिचं टोक तारेभोवतीच गुंडाळून टाकतात. व्हिडिओत बघताना ती दहा सेकंदांत होते. मला पहिली धड जमायला चार संध्याकाळी लागल्या.

पहिली संध्याकाळ तर चुकीच्या तारेत गेली. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप; त्याचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे उलटं गणित मला ठाऊकच नव्हतं. मोत्यांसाठी मी १८ गेज मागवली, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर जाड. मोत्याचं भोक त्याहून बारीक! मग २४ गेजची, साधारण अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार आणली. शिकायला तांबं बरं, वाया गेलं तरी जीव जळत नाही.

आता खरी गोम. मी मण्याच्या डोक्यावरच तार वाकवत होते, त्यामुळे वेढ्यांना जागाच उरत नसे. आधी चपट्या पकडीचं टोक मण्याला टेकवून तार धरायची आणि पकडीच्या वर काटकोनात वाकवायची. पक्कड काढली की दोनेक मिलिमीटरची मान मोकळी दिसते. वेढे तिथे बसतात. मग गोल तोंडाच्या पकडीवरून तार वळवून कडी करायची, कडी आडवी धरायची आणि उरलेली शेपटी मानेभोवती खाली मण्यापर्यंत गुंडाळायची. तीन वेढे पुरतात. शेपटी कापताना तिच्यावर बोट ठेवायचं, नाहीतर तुकडा थेट डोळ्याकडे उडतो. (माझा चष्म्यावर आपटला, म्हणून सांगते.) राहिलेलं टोक पकडीने दाबलं नाही तर ते केसांत अडकतं.

आणि हो, वेढे घालायच्या आधी कडी साखळीत अडकवायची. मी सहा सुंदर कड्या केल्या आणि मग लक्षात आलं की त्या आता कशातच अडकवता येणार नाहीत.

सगळ्यात जास्त तार मी वाया घालवली ती सुधारण्याच्या नादात. कडी वाकडी झाली की सोडवायची, तार सरळ करायची, पुन्हा वाकवायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती नेमकी त्याच जागी तुटायची आणि मी तारेला नावं ठेवायचे. धातू जितका वाकवावा तितका तो कडक आणि ठिसूळ होत जातो, हे नंतर कळलं. आता वाकडी कडी कापून टाकते. हाच गुण आकडे करताना मात्र उपयोगी पडला. २० गेजचा आकडा वळवून हातोडीने हलके ठोकला की ताठ होतो, आकार सोडत नाही. टोक कानशीने गुळगुळीत करायचं, तिथे आळस नको.

दोन्ही डुलांच्या कड्या लहानमोठ्या का होतात, हे कोडं मात्र मार्करने सोडवलं. पकडीचं तोंड निमुळतं असतं. जिथे कडी वळवायची तिथे एक रेघ मारून ठेवली, काम झालं.

मध्येच हुक्की आली म्हणून पेयोटी विणीचा, म्हणजे सुई-धाग्याने मणी एकमेकांत विणून केलेला पट्टाही करून पाहिला, ११ नंबरच्या बारीक मण्यांचा. तिसरी ओळ होईपर्यंत हातात नुसता गुंता असतो. पुढे विणीला लय येते, पण माझा जीव तारेतच रमतो.

आता प्रत्येक डूल झाला की एका हातात आकडा, दुसऱ्या हातात मणी धरून चांगला हिसडा देते. मैत्रिणीला नवी जोडी दिली, तेव्हा तिने डबी उघडल्या उघडल्या पहिल्यांदा तेच केलं.