इंडियाना २०२४: घसा बसवणारं मैदान आणि दोन पंट

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

कोलंबस. अमेरिकन कॉलेज फुटबॉल. ओहायो स्टेट ३८, इंडियाना १५. सलग दहा विजयांनंतरची पहिली हार.

गेल्या मोसमात ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) असलेला इंडियानाचा हा संघ. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटीने जेम्स मॅडिसनहून येताना तिथले तेरा खेळाडू सोबत आणले, ओहायो विद्यापीठातून कर्टिस रूर्क हा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा) घेतला. नवख्या मुलांना घडवत बसण्यापेक्षा तयार, कसलेली माणसं. नेब्रास्काला ५६-७. मिशिगनला २०-१५ हरवलं, तो दहावा विजय. एका मोसमात दहा विजय या विद्यापीठाने कधी पाहिलेच नव्हते. पण त्याच सामन्यात मध्यंतराला १७-३ आणि नंतर फक्त एक फील्ड गोल (तीन गुणांची किक). लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, मागे रेटली जात होती. जिंकल्यामुळे त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

आज गेलं. पाच सॅक (चेंडू टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), आक्रमणाचे जेमतेम १५१ यार्ड. प्रेक्षकांच्या एवढ्या कल्लोळात क्वार्टरबॅकची हाक लाइनला ऐकू जात नाही, मग मुका काउंट, म्हणजे नुसत्या खुणांवर खेळ सुरू करणं. क्वार्टरबॅक पाय उचलतो, लाइनमधला मागे बघणारा गार्ड शेजारच्या, चेंडू धरलेल्या सेंटरला थाप मारतो, सेंटर डोकं हलवतो, क्षणभर थांबतो आणि चेंडू मागे देतो. लाइनच्या कडेच्या टॅकलला हे तिरक्या नजरेने टिपावं लागतं, म्हणून तो समोरच्या धावणाऱ्यापेक्षा अर्धं पाऊल उशिरा उठतो. सेंटर दरवेळी तेवढाच थांबला तर बचावफळीला ठेका सापडतो. उपाय जुनाच: थांबा कधी एक, कधी दोन. आठवडाभर भोंगे लावून सराव केला तरच तो अंगवळणी पडतो.

तरीही सामना पंटवर, म्हणजे चेंडूचा ताबा सोडताना तो दूर मारण्याच्या किकवर, फिरला. मध्यंतराआधी ७-७ असताना स्नॅप (मागे टाकलेला चेंडू) पंटरच्या हातून सुटला, चेंडू इंडियानाच्या गोलरेषेजवळ ओहायो स्टेटला मिळाला आणि झालं १४-७. पंटर लाइनच्या पंधराएक यार्ड मागे असतो. स्नॅप ते किक साधारण दोन सेकंद. चेंडू हातात येण्याआधी नजर धावून येणाऱ्यांवर गेली की संपलं. मध्यंतरानंतर ओहायो स्टेटच्या केलेब डाउन्सने पंट ७९ यार्ड परत नेला. हिशेब साधा: ४५ यार्डांची किक साडेचार सेकंद तरी हवेत हवी, नाहीतर कव्हरवाले (किकमागे धावणारे) पोचायच्या आत परतवणारा वेग धरतो.

३० नोव्हेंबर

पर्ड्यू, ६६-०. नोंदीपुरतं.

२० डिसेंबर

साउथ बेंड, प्लेऑफची (विजेतेपदाच्या बाद सामन्यांची) पहिली फेरी. नोत्र दाम २७, इंडियाना १७. शेवटच्या दीड मिनिटात दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार), त्यामुळे आकडा बरा दिसतो. त्याआधी २७-३ होतं. नोत्र दामच्या जेरेमाया लव्हची ९८ यार्डांची धाव सगळे दाखवतील. मला खटकला तो २०-३ ने मागे असताना, चौथ्या सत्रात, मैदानाच्या मध्यावरून मारलेला पंट. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, अकरा यार्ड हवे होते, मान्य. पण वेळ उरला होता किती?