नागपूर ते नवगाव : बेने इस्राएलांच्या कबरस्तानात

अलिबागला आपल्याकडची माणसं जातात ती किनाऱ्यासाठी आणि कुलाबा किल्ल्यासाठी. त्याच रस्त्यावर, थळ आणि किहीम यांच्या मध्ये, नवगाव आहे. मराठी बोलणाऱ्या एका समाजाच्या आठवणी जिथून सुरू होतात, ती जागा या गावात समुद्राला लागून आहे. मी आणि बाबा खास तेवढ्यासाठी गेलो होतो. नागपूरहून हा पल्ला लांबचा आहे, पण जायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्याला आणलेल्या प्रेतांसाठी दोन ढिगारे रचले, पुरुषांचा एक आणि बायकांचा एक. हे नेमकं कधी घडलं याचा लेखी पुरावा नाही. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, तोही बराचसा घराघरांतून चालत आलेल्या आठवणींवर उभा आहे. पुस्तक छापून निघालं ते १९३७ साली, तेल अवीवला.

वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलघाणी चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. नागपुरात तेली समाज केवढा मोठा आहे; हे ऐकून बाबा कितीतरी वेळ त्याच विषयावर बोलत होते. आडनावंही गावांवरून पडली : नवगावकर, किहीमकर, पेझारकर, रोहेकर, दिवेकर. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, तरी सुंता, शनिवारची विश्रांती, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. कोकणातल्या कबरींकडे रोज लक्ष देणारी घरंच कमी झाली, आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न उभा राहतो तो इथे.

नवगावला परंपरेतल्या त्या पूर्वजांचं स्मारक उभं आहे. कोकणातल्या जुन्या कबरींवर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी कोरलेली दिसते. वर हिब्रू अक्षरं आणि खाली आपल्याच वळणाची देवनागरी पाहून मला भरून आलं. कबरीवरच्या हिब्रू सनातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतो : ५६७० म्हणजे १९१०, फार तर एखाद्या वर्षाचा फरक. अक्षरं झिजली असतील तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात पुसट ओळीही उठून येतात. खडू, पीठ, हळद काहीही चोळू नका.

डागडुजीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चांगल्या मनानं केलेलं कामच कधीकधी जास्त नुकसान करतं. अलिबागला पाऊस साधारण २००० मिलिमीटर, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ दुप्पट. वर खारा वारा. गवत आणि झुडपं बघता बघता कबरी झाकतात. आपला हात आधी उपटायला जातो, पण यहुदी धर्मात पुरलेल्या देहाला धक्का लावायचा नसतो. मुळं उपटली की खालची माती हलते, म्हणून झाडोरा जमिनीलगत कापायचा. दगड धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. तारेचा ब्रश आणि ॲसिड दगडाचा वरचा थरच खातात. जुन्या चुनेगच्चीत सिमेंट भरलं तर ओल आणि मीठ आत अडकून दगड फुटतो, तिथे चुनाच हवा. आणि कोरलेल्या अक्षरांत ऑइलपेंट भरायची आपल्याकडची सवय इथे नको. तुटलेला तुकडा जिथे पडला आहे तिथेच त्याचा फोटो काढा. उचलून दुसरीकडे ठेवला की तो कुठल्या कबरीचा हे कायमचं हरवतं. काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांनाही, म्हणजे आपल्या दारातल्या महापाषाणयुगीन दफनांनाही, हेच नियम लागू आहेत. स्वतःहून मात्र काहीच करू नका. आधी समाजाच्या विश्वस्तांना विचारा.

विचारायची जागा म्हणजे अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर. स्थापना १८४८ची, आताची इमारत १९१०ची. तिथे भेटलेल्या एका आजींनी बाबांना डोकं झाकायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, “कबरीवर फूल नको गं बाळा, छोटा दगड ठेव. आणि बाहेर पडलीस की हात धू.” शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारभर आणि सणांच्या दिवशी जाऊ नका. कबरीवर बसू नका, टेकू नका.

नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोचवते. तिथून गेटवे, मग मांडव्याची बोट. बोटीच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून गाड्याही नेणारी रो-रो बोट चालू आहे का ते पाहा, नाहीतर पनवेल-पेणमार्गे रस्त्यानं या. गाडी घेऊन निघालात तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आणून सोडतो, पुढे पनवेल-पेण-अलिबाग. अलिबागहून नवगावला रिक्षा करा आणि थांबवूनच ठेवा. कबरस्तान कुठे ते गावात विचारा. डोक्याला टोपी, पायात बंद बूट आणि भरपूर पाणी हवंच, कारण दुपारचा दमटपणा आपल्याला सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

वेळ उरला तर अलिबागजवळच्या खंडाळे गावात एलियाहू हन्नाबीचा टापा पाहा. प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या अशी श्रद्धा आहे, आणि समाजाची माणसं तिथे पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा करतात. परतीची विदर्भ संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते, म्हणून मांडव्याहून दुपारचीच बोट पकडा.