रिबूटनंतर सर्व्हिस वर का येत नव्हती

वीज गेली, लिनक्सवरचा सर्व्हर बंद पडला. परत चालू केला तर सगळं वर आलं, मी लिहिलेली सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) सोडून. महिनाभर ती नीट चालली होती. मीच ती ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ (सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीची कमांड) देऊन सुरू केली होती आणि आता ती कायमची लागली असं धरून चाललो होतो.

स्टार्ट म्हणजे फक्त आत्ता चालू कर. बूटला आपोआप यायची तर ‘इनेबल’ द्यावं लागतं. पण इनेबल नेमकं करतं काय, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. कमांड दिल्यावर एकच ओळ आली: सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) तयार केली. ती जिथे झाली तिथे जाऊन एलएस करून यादी पाहिली. डिरेक्टरीचं नाव ‘मल्टि-युजर डॉट टार्गेट डॉट वॉन्ट्स’. आत माझ्या युनिट फाइलकडे (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) जाणारा बाण, शेजारी क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सर्व्हिसचा, तसाच बाण. बस, इतकंच! कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पहिली प्रोसेस म्हणून सिस्टमडी उठवतो, सिस्टमडी डिफॉल्ट टार्गेट (बूटचा ठरलेला टप्पा) गाठायला निघतं आणि वाटेत या डिरेक्टरीतल्या सगळ्यांना हाक मारतं. युनिट फाइलमधली ‘वॉन्टेडबाय’ ही ओळ लिंक कुठे टाकायची एवढंच सांगते.

पुन्हा रिबूट केलं. या वेळी सर्व्हिस उठली आणि लगेच पडली. हाताने स्टार्ट दिलं की मात्र चालायची, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ अडकलो. आधी ‘रिस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ लावून पाहिलं, म्हणजे पडली की पुन्हा उठवायची. पण दोन प्रयत्नांमधला मूळ थांबा फक्त १०० मिलिसेकंदांचा असतो, आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टमडी हात टेकतं. शेवटी ‘जर्नलसीटीएल’ने त्या बूटचा लॉग काढला. मागितलेला पत्ता देता येत नाही, अशी तक्रार होती. माझा प्रोग्राम ठरावीक आयपी पत्त्यावर ऐकतो, आणि तो उठला तेव्हा मशीनला तो आयपी मिळालेलाच नव्हता. हाताने स्टार्ट देईपर्यंत मिळालेला असायचा.

मी युनिट फाइलच्या ‘आफ्टर’ या ओळीत ‘नेटवर्क डॉट टार्गेट’ लिहिलं होतं. नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता मिळेपर्यंत थांबायचं तर ‘नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट’ हवं, आणि ते ‘वॉन्ट्स’ व ‘आफ्टर’ दोन्हीकडे लिहावं लागतं. आफ्टर नुसता क्रम ठरवतं, कुणाला बोलावत नाही. वॉन्ट्स बोलावतं, पण कुणी कुणासाठी थांबत नाही. सिस्टमडीच्या आधीच्या जुन्या सिसव्ही पद्धतीत स्क्रिप्टच्या नावातल्या आकड्यानेच क्रम लागायचा; इथे सगळं एकाच वेळी धावतं, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. मला ही मांडणी पटते, फक्त ती आधी कळायला हवी.

फाइल बदलली, ती पुन्हा वाचली जावी म्हणून ‘डीमन-रीलोड’ दिलं, तिसऱ्यांदा रिबूट केलं. मग बूटला कोण कुणासाठी थांबलं ते दाखवणाऱ्या ‘सिस्टमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन’ला माझ्या सर्व्हिसचं नाव दिलं. वर माझी सर्व्हिस, तिच्या लगेच खाली नेटवर्क-ऑनलाइन, आणि स्टेटसमध्ये हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह’.