बिनहॉर्नचे आठ दिवस

शनिवार

सकाळी गाडी बाहेर काढताना गल्लीच्या तोंडाशी सवयीने हॉर्न दाबला तर काहीच नाही. पुन्हा दाबला. शेजारच्यांचं कुत्रं, जे एरवी माझा हॉर्न ऐकून उठून बाजूला होतं, ते चाकापुढे तसंच पसरलेलं. शेवटी उतरून त्याला हाकललं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की चूक माझीच.

आणि हे व्हायचं ते नेमकं शनिवारी. आमच्या वाईत शनिवार-रविवार म्हणजे पुण्या-मुंबईच्या गाड्यांचे. पाचगणी-महाबळेश्वरला जायचं तर सुरूर फाट्यावरून आत वळून आमच्या उंबऱ्यावरूनच जावं लागतं. साडेनऊपर्यंत बावधन नाक्यापासून रांग लागलेली होती. नकाशा ज्यांना आतून शॉर्टकट दाखवतो, ते गणपती आळीत घुसतात. तिथे समोरून भाजीचा हातगाडा आला तरी दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते, आणि या लोकांच्या गाड्या बैलगाडीपेक्षा रुंद. मग काच खाली होते, “काका, हा रस्ता पुढे निघतो ना?” निघतो. थेट घाटावर. ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या आणि मागे फिरा.

सोमवार

गावात हॉर्नची खरी गरज कुणाला आहे, याचा काल दिवसभर विचार केला. मी बत्तीस वर्षं इथल्याच शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे वाईत चिडून हॉर्न वाजवायची सोय मला तशी कधी नव्हतीच. पुण्यात माणूस हॉर्न मारतो, दोन शब्द हासडतो आणि पुढे जातो. ते तोंड पुन्हा दिसत नाही. इथे किसनवीर चौकात भर रस्त्यात मोटारसायकल आडवी लावून जो बोलत उभा असतो, तो हॉर्न ऐकून वळतो आणि म्हणतो, “नमस्कार सर!” आणि बाजूला व्हायचं सोडून पाया पडायला येतो. मागे सहा गाड्या. मी स्टेअरिंगवरून आशीर्वाद देतो.

वडापवाल्यांचंही तेच. जीपमध्ये आत दहा, मागे लटकलेले तीन, आणि हात दिसेल तिथे ब्रेक. ब्रेकलाइट असला तर नशीब. अशा एकाला मागे एकदा चांगलं झापलं होतं. पुढच्याच महिन्यात तलाठी कचेरीतल्या रांगेत तो माझ्यापुढे निघाला. त्याने मला पुढे घेतलं. मला ते जास्त लागलं.

मंगळवार

फिटरकडे गेलो. हाही विद्यार्थीच, पण नाव काही केल्या आठवेना. “काय रे, कसं काय” करत वेळ मारून नेली. त्याने फ्यूज बघितला, तो ठीक. बॅटरीवरून थेट वायर जोडली तर हॉर्न असा कोकलला की समोरच्या टपरीवरच्या माणसाचा चहा सांडला. म्हणजे हॉर्न शाबूत, वायर कुठेतरी तुटलेली. मग त्याने आत हात घातला आणि मूठभर भुईमुगाची टरफलं काढून माझ्यापुढे धरली.

“सर, उंदीर. ऊसतोड सुरू झाली की रानातले सगळे बाहेर पडतात. या पंधरवड्यातली ही माझी चौथी गाडी.”

आमचं घर सोनगीरवाडीच्या कडेला, मागे उसाचं रान. म्हणजे मागचं शिवार तुटलं आणि बिऱ्हाड माझ्या बॉनेटखाली हललं. हॉर्नची वायर तुटलीच, वायपरचीही अर्धी कुरतडलेली. आख्खा संच सातारहून मागवावा लागेल, शुक्रवार-शनिवार धरा, असं म्हणाला. तोवर बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानांची पुडी ठेवायला सांगितली. पान आणायला गेलो तर दुकानदार चकित. चाळीस वर्षांत मी त्याच्याकडून सुपारीसुद्धा घेतलेली नाही. संध्याकाळपर्यंत “सरांनी सुरू केली” ही बातमी मधल्या आळीपर्यंत पोचली असणार.

निघताना त्याने नंबरप्लेटकडे बोट दाखवलं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नवी, उच्च सुरक्षेची पाटी लागते. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. मुदत सारखी पुढे सरकत राहिली म्हणून मीही सरकत राहिलो. ऑनलाइन तारीख घ्यायची होती, तर ओटीपी आला तो मुलाच्या मोबाइलवर, तो बंगळुरूला. असो.

बुधवार

भुईंजच्या बाजूला काम होतं. जाताना ट्रॅक्टरमागे सापडलो. दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊस, मागे रिफ्लेक्टर तर सोडाच, लाल फडकंही नाही. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन कर्णे, त्यातून असं गाणं की दुभत्या म्हशीने दूध आटवावं. हॉर्न असता तरी उपयोग शून्य होता. त्यामुळे या बाबतीत आज मी इतरांच्या बरोबरीला आलो.

पण बैलगाड्यांवर मात्र मला चिडता येत नाही. बीडकडून आलेली तोडीची माणसं, बाई मोळ्यांवर बसलेली, मांडीवर पोर, आणि बैल मान खाली घालून चाललेले. त्यांच्यामागे दुसऱ्या गिअरवर चालत राहायचं.

सुरूर रस्त्याच्या कडेचे वड रुंदीकरणात तोडणार म्हणाले, तेव्हा विरोधाच्या अर्जावर मीही सही केली होती. आज त्याच वडांच्या सावलीत पंचवीस मिनिटं अडकल्यावर रस्ता अरुंद आहे म्हणून पुटपुटलोच. बाजूला ही होती. “सही कुणी केली होती?” एवढंच म्हणाली.

गुरुवार, नाताळ

अक्काला डोळे तपासायला खाली आणायचं होतं, म्हणून पाचगणीला जाणं भाग. ही म्हणाली, “एसटीने जा.” मी ऐकलं नाही.

पसरणी घाट बिनहॉर्नचा चढणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आंधळं वळण आलं की हात आपोआप हॉर्नवर जातो आणि खाली नुसतं प्लॅस्टिक दबतं. दिवसाउजेडी डिपर मारून बघितला, कुणी दखल घेत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटातला जुना नियम उतरणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक असल्याचं दिसलं नाही. एका वळणावर तर तीन गाड्या थांबवून लोक माकडाला वेफर्स देत होते, आणि त्यांना चुकवून समोरून एक भलीमोठी काळी गाडी सरळ माझ्याच बाजूने अंगावर आली.

काय सुचलं कोण जाणे, काच खाली होतीच, हात बाहेर काढला आणि दारावर धाडधाड थापा मारल्या. वडापचा पोऱ्या मागे लटकून मारतो तशा. पत्र्याचा आवाज घाटात चांगला घुमतो. काळी गाडी गचकन थांबली. माकडंसुद्धा कठड्यावर गेली. ड्रायव्हरने हात जोडले, मीही जोडले.

मग वरपर्यंत प्रत्येक वळणाला तेच केलं. येताना शेजारी अक्का. पहिल्या दोन वळणांना तिने देवाचं नाव घेतलं, तिसऱ्याला तिच्या बाजूच्या दारावर तिनेही एक थाप ठेवून दिली. वय एक्याऐंशी.

खाली कृष्णेच्या पुलावर पुन्हा खोळंबा. इंग्रजांच्या काळातला जुना पूल पाडून तिथे नवा बांधला. गाड्यांना आता ऐसपैस उभं राहायला मिळतं.

शनिवार

वायर आली, बसली. मजुरीला फिटर नको म्हणत होता, बळंच दिली. निघताना धीर करून विचारलं, “तुझं नाव रे?” हसला. म्हणाला, “सर, मी तुमच्या वर्गात नव्हतो. माझा भाऊ होता.”

रविवार

सकाळी किसनवीर चौकात एक टेम्पो आडवा. आत कांदे, बाहेर तिघे बोलत उभे. मी काच खाली केली आणि दारावर दोन थापा हाणल्या. तिघांनी वळून बघितलं, “नमस्कार सर” झालं, टेम्पो हलला. पूल ओलांडल्यावर आठवलं की हॉर्न दुरुस्त झालाय.

घरी आल्यावर ही दाराच्या पत्र्यावरून हात फिरवत होती. म्हणाली, इथे पोचा पडलाय, याचे पैसे कोण देणार.