ठाण्यातला सूर्यास्त टिपायचाय? उपवन सोडा, जांभळी नाका गाठा

‘संध्याकाळी सहाला उपवन तलाव, सोनेरी उजेडात शहराचे रंगीत फोटो’ असं सांगून फोटोवॉकवाल्यांनी माणशी बाराशे रुपये घेतले. ऑक्टोबरअखेर ठाण्यात सूर्य सहा-दहाच्या आसपास मावळतो आणि उपवनच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर उभे आहेत. तिथलं ऊन सूर्यास्ताच्या बरंच आधी जातं. आम्ही सहाला पोचलो तेव्हा रस्त्यावर करडी सावली पसरली होती, आणि वॉकला आलेल्यांचं एकमेकांना ओळख करून देणं चालू होतं ते वेगळंच. असल्या फोटोवॉकला एक रुपया देऊ नका. उपवनला सकाळी जा, कोवळं ऊन डोंगरावर पडतं तेव्हा.

परदेशी व्हिडिओ बघून तासाभराच्या सोनेरी उजेडाचा हिशेबही धरू नका. ठाणे 19 अंश अक्षांशावर आहे, इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळल्यावर 25 मिनिटांत आकाशातला रंग आटोपतो.

म्हणून उपवनहून तलावपाळीची, म्हणजे जांभळी नाक्याजवळच्या मासुंदा तलावाच्या काठाची, धावाधाव फार महागात पडते. रिक्षावाल्याने सरळ अडीचशे सांगितले. किमान भाडं 26 रुपये आहे आणि अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर! मीटरवर अडून बसलो, तिसऱ्या रिक्षाने नेलं, आणि मग प्रत्येक सिग्नलला थांबत, हॉर्न ऐकत, डोक्यावरचं आकाश गुलाबीचं जांभळं होताना रिक्षाच्या कडेतून बघत बसलो. अजून आठवलं की चिडचिड होते. हा रस्ता संध्याकाळी घेऊच नका. लोकलने या, पश्चिमेला उतरा, स्टेशनच्या हद्दीत ट्रायपॉड काढू नका आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी चालत जांभळी नाक्यावर, फुलवाल्यांपाशी उभे राहा.

कारण खरा रंग तिथे आहे! सूर्य दिसत नाही, दिसायची गरजही नाही. फुलवाल्याच्या ढिगावर दिवा लागला होता. पाणी शिंपडायच्या स्टीलच्या बादलीचा एक काठ झेंडूने केशरी, दुसरा आकाशाने निळा. तेवढ्या एका चौकटीसाठी सगळा मनस्ताप मी माफ केला. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी भारतातले रस्ते आयुष्यभर रंगातच का टिपले, ते अशा ठिकाणी उभं राहिलं की कळतं.

फोटो रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा उबदार-थंडपणा ठरवणारी सेटिंग, 5500 केल्विनच्या आसपास पक्का ठेवा. ऑटोवर सोडलात तर कॅमेरा केशरी-निळ्याचा हा फरकच पुसायला बघतो. एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) दिव्यांवर धरा, सावल्या काळ्या राहू द्यात. एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, इलेक्ट्रॉनिक शटर बंद. नाक्यावर ट्रायपॉड उघडायला जागाच नाही. 35 मिमीची एक लेन्स पुरे.

फुलवाल्यांना आधी विचारा, गिऱ्हाईक असेल तर थांबा. गजरा घेतलात तर दहा मिनिटं कोणी हटकत नाही. तिथून तलावपाळीला चालत गेलो, गडकरी रंगायतनसमोर बरे फोटो मिळाले, छान वाटलं. पावसाची उघडीप मिळाली तर रस्ता ओला असतानाच निघा, बाकी कामं टाका. दिवाळीच्या आठवड्यात मात्र नाक्याकडे फिरकू नका, कॅमेरा छातीपाशी धरायलाही जागा उरत नाही.